ती यादी खाली उतरवा: यात्रा समिती, ग्रामसुरक्षा दल आणि पोलीस ठाण्यास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, यात्रा समिती,
ग्रामसुरक्षा दलाचे सर्व स्वयंसेवक,
मा. प्रभारी अधिकारी, पोलीस ठाणे,
यांस सविनय नमस्कार.

गावाचं, देवस्थानाचं आणि ठाण्याचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. कुणाला उघड्यावर पाडावं म्हणून मी लिहायला बसलेलो नाही. ज्यांना उद्देशून लिहितोय त्यांना ते कळेल. इतरांनी वाचावं ते एवढ्यासाठी की हाच फलक उद्या त्यांच्याही नाक्यावर लागू शकतो.

गेल्या आठवड्यातल्या बैठकीत आपण ठराव केलात. यात्रेच्या रात्री कमानीजवळ लावलेला "चोरांची सांकेतिक भाषा ओळखा, सावध राहा" हा फलक आता गणपतीच्या गर्दीसाठी एसटी स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनबाहेरच्या रिक्षा थांब्यावर लावायचा, आणि त्याचा फोटो आजूबाजूच्या वाड्यांच्या ग्रुपवर टाकायचा. फलकावर चौदा शब्द आहेत. खाली लाल अक्षरांत लिहिलंय, "हे शब्द बोलणारी अनोळखी व्यक्ती दिसल्यास अडवून ठेवा व कळवा."

ते चौदाच्या चौदा शब्द माझ्या वहीतले आहेत. वही मीच आपल्याला दिली होती. त्यामुळे बाकी कुणी गप्प बसलं तरी मला बसता येणार नाही.

मी एसटीत २९ वर्षं वाहक होतो. खिसेकापूंबद्दल मला प्रेम नाही, हे आधीच सांगतो. १९९४ सालच्या वैशाखात, ऐन लग्नसराईत, माझी बॅग कापली गेली. गाडी फलाटाला लागली आणि दारात झुंबड उडाली. पायरीवर एक माणूस अडला. डोक्यावर पत्र्याची ट्रंक, एक पाय आत, एक बाहेर, आणि मला विचारतोय, "मास्तर, ही आचऱ्यावरनं जाते की कट्ट्यावरनं?" मी सांगितलं. त्याने पुन्हा तेच विचारलं. मागून रेटा आला. कुणाचा तरी घडी घातलेला टॉवेल माझ्या पोटाशी घासून गेला. मग ट्रंकवाला "चुकीची गाडी" म्हणत उतरला, दार मोकळं झालं आणि मी डबल बेल दिली. दोन थांबे गेल्यावर सुटे द्यायला बॅगेत हात घातला, तर बोटं खालून बाहेर आली. तळाचं चामडं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चिरलेलं होतं. २,३४० रुपये गेले. ते मी पदरचे भरले. त्या वर्षी घराची कौलं शाकारायची राहिली आणि पावसाळाभर माझ्या आवशीचं अंथरूण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिलं. ती चिरलेली बॅग अजून माळ्यावर आहे.

या सगळ्या प्रकारात माझ्या कानावर एकही सांकेतिक शब्द पडला नव्हता. जे बोलणं झालं ते तुमच्या-माझ्या मराठीत, रस्ता विचारण्याचं.

वही सुरू झाली ती त्यानंतर काही वर्षांनी. माझ्या वस्तीच्या गाडीला आठवडा बाजार करणारा एक वयस्क लसूणवाला यायचा. एका रात्री गाडी वस्तीला लागल्यावर, चालक झोपायला गेल्यावर, त्याने आपणहून सांगितलं की तरुणपणी तो मुंबईत पाकीटमारांच्या टोळीत होता. मी माझ्या बॅगेची गोष्ट सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली आणि कुठल्या माणसाने काय केलं ते मला उलगडून दाखवलं. ट्रंकवाल्याचं काम फक्त दार अडवायचं. मागचे दोघे रेटा देणारे. टॉवेलवाला कापणारा. पाचवा कुणी तरी खाली उभा, ज्याच्याकडे पैसे गेले आणि जो गाडीत चढलाच नाही. ज्याने काढलं त्याच्या अंगावर माल क्षणभरही ठेवत नाहीत, म्हणून पकडलेल्याच्या खिशात काही सापडत नाही. प्रत्यक्ष खिशात हात घालणाऱ्याला त्यांच्यात "मशीन" म्हणतात, हे मला त्यानेच सांगितलं. मुंबई-दिल्लीच्या पोलिसांनाही हा शब्द ठाऊक आहे.

आणखी शब्द सांग म्हटल्यावर तो म्हणाला, "मास्तर, कामावर आम्ही बोलत नाही. बोलणं असतं ते नंतर, वाटणीच्या वेळी. आणि जो शब्द तुमच्या वहीत उतरला तो आमच्यात उद्यापासून मेला."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. समितीने बाकीची पानं वाचली, ते पान वाचलं नाही.

पुढे मला नादच लागला. गाडीत जी काही न कळणारी बोलणी कानावर पडायची ती मी लिहून ठेवू लागलो. दगड फोडायला आलेली कुटुंबं, बिब्बे-सुया विकणाऱ्या बायका, नंदीबैलवाले, पाटे-वरवंटे टाकवणाऱ्या बाया. एकमेकांशी ते काय बोलतात याचं मला कुतूहल होतं. लसूणवाल्याचे शब्द आणि या लोकांचे शब्द एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर आले. यात्रेआधी समितीतल्या तरुणांनी वही मागितली तेव्हा गर्दीत कुणाचं मंगळसूत्र जाऊ नये एवढ्याच हेतूने मी ती दिली. दोन पानांतला फरक मी नीट समजावून सांगितला नाही. ही माझी चूक मी इथे लिहून देतो. पण चौदा शब्दांपैकी नऊ शब्द त्या दुसऱ्या पानावरचे आहेत, आणि त्या पानावर मथळा आहे: "न कळलेले शब्द". आपण त्याचं "चोरांची भाषा" केलंत.

आता यात्रेच्या रात्रीचं.

रात्री साडेनऊच्या सुमाराला, दशावतार सुरू व्हायच्या आधी, खाजाच्या दुकानांच्या रांगेत एक म्हातारी पथारी मांडून बसली होती. सोबत सहा-सात वर्षांची नात. नातीला तहान लागली म्हणून म्हातारीने पलीकडच्या बाईला हाक मारून पाणी मागितलं, तिच्या घरच्या भाषेत. "नीळ्ळु" हा फलकावरचा सहावा शब्द. तीन स्वयंसेवकांनी तिला उठवलं आणि देवळामागच्या खोलीत नेलं. मी बातमी ऐकून धावत गेलो तेव्हा तिचं गाठोडं जमिनीवर उलटं केलेलं होतं. कागदात खोचलेल्या सुया, दाभणं, काळ्या मण्यांच्या पोती, सेफ्टी पिना, लाकडी फण्या, बिब्बे, एक स्टीलचा डबा आणि त्यात दोन भाकऱ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड. दुसऱ्याचं असं त्यात काही नव्हतं. मुलगी आजीच्या लुगड्याचा सोगा तोंडात धरून उभी होती. पाणी तिला अजून कुणी दिलेलं नव्हतं.

त्यांना सोडलं रात्री एक वाजता. ठाण्यातून आलेल्या हवालदारांनी नाव-गाव विचारलं, कुठे काही लिहिलं नाही, आणि "पुन्हा इथे बसायचं नाही" असं सांगितलं. सुया गोळा करायला मी खाली बसलो तेव्हा म्हातारी मला म्हणाली, "राहू द्या दादा, टोचतील." तिची जात मी इथे लिहीत नाही. ती विचारण्याचं कारण कुणाला पडू नये.

त्याच रात्री, त्याच वेळात, ओटीच्या रांगेत दोन बायकांची मंगळसूत्रं गेली आणि एका चाकरमान्याचं पाकीट गेलं. रांगेवर नेमलेले चार स्वयंसेवक त्या वेळी देवळामागच्या खोलीच्या दारात उभे होते.

पुढे मी काय केलं ते सांगतो. माझ्या मुलाच्या घरकामावर एक तेलुगू गवंडी आहे. फलकाचा फोटो त्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो हसायला लागला, मग माझं तोंड बघून थांबला. नीळ्ळु म्हणजे पाणी. डब्बु म्हणजे पैसे. पिल्ला म्हणजे पोर. रा म्हणजे ये, पो म्हणजे जा. पाच शब्द त्याच्या घरी रोज बोलले जातात. पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्रात फिरणाऱ्या कित्येक समाजांच्या बोली तेलुगू, कन्नड, तमिळ, गुजराती, राजस्थानी मुळांच्या आहेत. वडार समाजाची बोली तेलुगूच्या जवळची, कैकाड्यांची तमिळच्या. चोरी लपवायला कुणी त्या घडवल्या नाहीत. त्या त्यांच्या मातृभाषा आहेत. आजीने नातीसाठी पाणी मागितलं, एवढंच त्या रात्री घडलं होतं.

आपल्यावर अशी वेळ आली तर काय वाटेल, याचा आपण जरा विचार करू. माझा धाकटा भाऊ चाळीस वर्षं परळला राहिला. वहिनीसोबत बाजारात गेला आणि भाजीवाल्याने भाव चढा सांगितला की तो हळूच म्हणायचा, "ह्यो म्हाग सांगता गो, फुडे चल." भाजीवाल्याला कळू नये म्हणूनच तो मालवणीत बोलायचा. लोकलच्या डब्यात आपली माणसं घरातल्या गजाली मालवणीत करतात त्या शेजारच्याला कळू नयेत म्हणून. त्या डब्यात कुणी "ओळखा" म्हणून आपल्या "खंय", "हयसर", "थयसर"ची यादी चिकटवली असती तर?

आणि यादीच करायची तर ती आपल्या बागांपासून सुरू करावी लागेल. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत पेटी म्हणजे एक लाख, खोका म्हणजे एक कोटी, सुपारी म्हणजे पैसे घेऊन माणूस मारायचं कबूल करणं. हे तीन शब्द आता शाळकरी पोरांनाही माहीत आहेत. आपल्याकडे पेटी हापूसची असते, खोका आंब्याचा असतो, आणि सुपारी श्रीवर्धनपासून सावंतवाडीपर्यंत परसात सुकत पडलेली असते. चैत्रात स्टँडवर उभं राहून "दोन पेट्या पोचल्या, खोके उद्या धाडतंय" असं फोनवर बोलणारा बागायतदार मी हजार वेळा पाहिलाय. शब्दावरून माणूस पकडायचा तर पहिला तो पकडला पाहिजे. त्याला कुणी हात लावणार नाही, कारण तो कुणाचा कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हातारीला कुणी ओळखत नव्हतं. खरं कारण शब्द नव्हता, ती परकी होती हे होतं. फलकाने फक्त त्याला निमित्त दिलं.

लपवून बोलायची सोय चोरांनीच केली असंही नाही. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात, शेजारी उभ्या असलेल्याला भाव कळत नाही. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून जपल्या. हातांच्या खुणांनी बोलायला करपल्लवी आणि डोळ्यांच्या खुणांनी बोलायला नेत्रपल्लवी हे शब्द आपल्या भाषेत आधीपासून आहेत. लहानपणी आपण सगळे "च"च्या भाषेत बोललोय. ब्रिटिश अधिकारी ग्रिअर्सन यांनी केलेल्या भारतातल्या भाषासर्वेक्षणाचा अकरावा खंड १९२२ साली आला, त्यात अशा बोलींची नोंद आहे. त्यात कोल्हाटी आहेत, गारुडी आहेत, बेलदार आहेत, सुऱ्यांना धार लावणारे शिकलगार आहेत, कसाई आहेत. बहुतेक हातावर पोट असलेली माणसं. पुष्कळ ठिकाणी युक्ती तीच, आपल्या "च"च्या भाषेची: नेहमीच्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलायचं किंवा पुढे एक अक्षर चिकटवायचं.

निवृत्तीनंतर तालुक्याच्या वाचनालयात आणि नातवाच्या मदतीने मी या विषयावर बरंच वाचलं. चोरांच्या शब्दांच्या याद्या करण्याची खोड जुनी आहे, आणि त्या याद्यांचं पुढे काय होतं तेही लिहिलेलं आहे. फ्रान्समधल्या दिजों शहरात १४५५ साली एका टोळीवर खटला चालला. तिथल्या एका न्हाव्याने टोळीचे शब्द अधिकाऱ्यांना सांगितले आणि ते कागदावर उतरले. ते निदान खटला चालू असलेल्या टोळीचे शब्द होते. जर्मनीत १५१०च्या सुमाराला लबाड भिकाऱ्यांवर एक पुस्तक निघालं, शेवटी त्यांच्या बोलीचा कोश. १५२८च्या आवृत्तीला खुद्द ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने प्रस्तावना लिहिली. त्या कोशात हिब्रू शब्द पुष्कळ दिसतात, तेव्हा ही बोली ज्यूंकडूनच आली, असं त्याने लिहून टाकलं. थोडे शब्द जुळले आणि एक अख्खा समाज आरोपी झाला. आपल्या फलकाने नेमकं हेच केलंय.

आपल्या देशातलं उदाहरण तर आणखी जवळचं. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३६ साली कलकत्त्यात ठगांच्या बोलीचा कोश छापला. गळा आवळण्याची वेळ आली की म्होरक्या "तंबाखू आणा" अशा अर्थाचं साधं वाक्य बोलायचा, असं त्यात आहे. म्हणजे जिथे खरोखरच जीव जात होते तिथेही इशारा असायचा तो रोजच्या बोलण्यातला. माझ्या २९ वर्षांत "तंबाखू काढ" हे वाक्य प्रत्येक फेरीत ऐकू आलंय.

त्यानंतर ३५ वर्षांनी, १८७१ साली, इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. नाव नोंदवायचं, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत केली, तिला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं उलटल्यावर ही माणसं मोकळी झाली, म्हणून त्यांना विमुक्त म्हणायचं. आपण मात्र भाषेतून त्यांना मोकळं केलं नाही. भामटा हे एका समाजाचं नाव आहे. सरकारच्या विमुक्त जातींच्या यादीत राजपूत भामटा अशी नोंद आहे. आपण तो शब्द फसवणाऱ्या कुणालाही लावतो. बेरड हाही समाज, आणि कोडग्या माणसाला आपण बेरड म्हणतो. मीसुद्धा आयुष्यभर बिनतिकीट प्रवाशाला "भामटा" म्हणत आलो. त्या गाडीत त्या समाजाचं कुणी बसलेलं असेल, त्याने ते ऐकलं असेल आणि खिडकीबाहेर पाहिलं असेल. हे मला साठी ओलांडल्यावर कळलं.

आता माझ्या तक्रारी, एकेक करून.

पहिली, फलक चुकीचा आहे. त्यावरचे बहुतेक शब्द कुणाच्या तरी घरच्या बोलीतले आहेत, आणि जे थोडे खरोखर टोळ्यांचे आहेत ते जुने झालेत. मी ते वीसेक वर्षांपूर्वी ऐकले. अशी यादी लावून चोर सावध होतो आणि सापडतात दुसरेच.

दुसरी, "अडवून ठेवा" ही ओळ. कुणी कुणाला अडवायचं? आता लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे खासगी माणसाला कुणाला पकडता येतं ते त्याच्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर, किंवा तो जाहीर केलेला गुन्हेगार असेल तर. तेही विनाविलंब, फार तर सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पाणी मागणं हा गुन्हा नाही. स्वयंसेवकांनी बाईचं गाठोडं उपसलं, तिथे एकही स्त्री स्वयंसेवक नव्हती. ही आपल्या गावातली पोरं आहेत, त्यांना मी पाठीवर दप्तर घेऊन माझ्या गाडीत चढताना पाहिलंय. त्यांच्या हातात ती लाल ओळ देऊन आपण त्यांनाच अडचणीत टाकताय.

तिसरी तक्रार लिहिताना माझा हात थांबतो. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं बाजाराच्या दिवशी जमावाने मारून टाकली, मुलं पळवणारी टोळी समजून. ती मंगळवेढ्याकडची होती, भिक्षा मागायला गेली होती. १६ एप्रिल २०२०ला पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक गेले, चोर समजून. गडचिंचले आपल्याच कोकण विभागात आहे. दोन्हीकडे आधी अफवा फिरली होती, फोनवरून. आपल्या फलकाचा फोटो आज तसाच फिरतोय. त्यावर समितीचं नाव आहे, आणि छापील नाव बघून लोक विश्वास ठेवतात. आपल्या यात्रेत त्या रात्री कुणाचा हात उठला नाही, याबद्दल मी देवीपुढे नारळ ठेवला.

चौथी तक्रार पोलीस ठाण्याकडे. ज्या दोन बायकांची मंगळसूत्रं गेली त्यांच्याकडून "गहाळ झाल्याबाबत" असा अर्ज लिहून घेतला गेला. गळ्यातलं मंगळसूत्र कापून नेलेलं असताना ते गहाळ कसं होईल? त्यातली एक चाकरमानी होती, तिला "मुंबईला गेल्यावर तिकडे द्या" असंही सांगितलं गेलं. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाची हे नंतर बघायचं, आणि नोंदीची प्रत फिर्यादीला फुकट द्यायची. नव्या भारतीय न्याय संहितेत तर कलम ११२ खाली टोळीने केलेली पाकीटमारी हा वेगळा गुन्हा केलाय, शिक्षा एक ते सात वर्षं. पण सगळं गहाळ म्हणून लिहिलं तर टोळी कागदावर येणार कशी?

पाचवी अगदी छोटी. नातीला पाणी दिलं नाही.

आता मागण्या. गणपतीला चाकरमानी यायला लागायच्या आत त्या पूर्ण व्हाव्यात.

फलक खाली उतरवावा आणि तो लावायचा ठराव बैठकीत रद्द करावा. ज्या ग्रुपांवर फोटो गेला त्या प्रत्येक ग्रुपवर समितीच्या नावाने कळवावं की ही यादी चुकीची होती, ती पुढे पाठवू नये. नुसता फोटो पुसून भागणार नाही, तो कुठवर गेला हे आता कुणालाच माहीत नाही.

फलक लावायचाच असेल तर भाषेऐवजी रीत सांगणारा लावा. मजकूर मी देतो: "चढताना दारात कुणी विनाकारण अडलं तर हात खिशावर ठेवा. अंगाशी येणारा टॉवेल, छत्री, घडी घातलेलं वर्तमानपत्र, हातावर टाकलेलं जाकीट, यांच्याकडे लक्ष ठेवा. पाकीट मागच्या खिशात नको. मंगळसूत्र पदराखाली पिनेने अडकवा. 'पाकिटमारांपासून सावध' हा फलक वाचून आपण आपसूक जिथे हात लावतो, तिथेच पाकीट आहे हे बघणाऱ्याला कळतं, तेव्हा लगेच चाचपू नका. चोरी झाली तर जागेवर ओरडा आणि ११२ला फोन करा, रेल्वेत असाल तर १३९ला." शेवटून दुसरी गोष्ट लसूणवाल्याने सांगितलेली आहे, आणि ती खरी आहे हे मी नंतर कित्येकदा डोळ्यांनी बघितलंय.

ओटीच्या रांगेत आणि गाडी लागण्याच्या जागी स्वयंसेवक उभे करा, त्यांत बायका असू द्या. दारात एकाच वेळी रेटा होऊ नये म्हणून रांगेसाठी दोरी बांधा. माझ्या अनुभवात दोरीएवढा उपयोग दुसऱ्या कशाचा झालेला नाही. वस्तू हाती सापडली किंवा चोरी करताना पाहिलं एवढ्याच कारणाने कुणाला थांबवावं. बोलणं, कपडे, पाठीवरचं गाठोडं यांवरून कुणालाही अडवू नये, असं स्वयंसेवकांना लेखी द्या.

ठाण्याने त्या तिन्ही चोऱ्यांची चोरी म्हणूनच नोंद करावी आणि फिर्यादींना प्रती द्याव्यात. म्हातारीला "पुन्हा इथे बसायचं नाही" हे जे तोंडी सांगितलं गेलं ते मागे घ्यावं.

त्या बाईची माफी मागावी. ती दरवर्षी दिवाळीनंतर आपल्या भागात येते, पहिली यात्रा धरून शेवटच्या यात्रेपर्यंत फिरते, माझ्या गाडीत कितीतरी वेळा बसलीय. यंदा ती आली की तिला शोधायची जबाबदारी माझी. मी आधी माझी माफी मागेन, कारण शब्द माझ्या वहीतून गेले. समितीने अध्यक्षांसह यावं एवढीच विनंती. पथारीची जागा खाजाच्या रांगेतलीच द्यावी, तिथे गिऱ्हाईक असतं.

आणि माझी वही मला परत द्यावी. तिच्यात अजून कोरी पानं आहेत. त्या बाईने परवानगी दिली तर तिच्या बोलीतले शब्द मी नीट, अर्थांसकट, तिच्या नावासह लिहून ठेवणार आहे. "न कळलेले शब्द" हा मथळा खोडायचा आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
जिल्हा सिंधुदुर्ग